साधूची जटा पूज्य, मग आमच्या पोरीची जट देवीच्या मालकीची कशी?



आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवत असेल. पहाटे दिल्लीत गणपती दूध पितो अशी बातमी उठली आणि दुपारपर्यंत देशभरातल्या देवळांसमोर वाटी-चमचा घेऊन रांगा लागल्या. व्हॉट्सअॅप नव्हते, तरी बातमी परदेशातल्या देवळांपर्यंत पोचली. शिकलेली माणसे, अधिकारी, डॉक्टर, सगळे रांगेत होते. सरकारी वैज्ञानिकांनी देवळात जाऊन दुधात रंग मिसळला आणि तो चमचा मूर्तीला लावला. रंगीत दूध मूर्तीच्या पोटात गेले नाही, अंगावरून खाली ओघळताना सगळ्यांना दिसले.

कारण साधे होते. द्रवाच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्याला पृष्ठताण म्हणतात. काठोकाठ भरलेला चमचा किंचित तिरका करून ओल्या दगडाला टेकवला की दूध दगडाकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली उतरते. मूर्ती पांढरी, दूध पांढरे, मग ओघळ दिसणार कसा?

हाच प्रयोग चपला शिवणाऱ्या आपल्या माणसाच्या लोखंडी ऐरणीवर करून पाहा. ऐरणही दूध पिते. पण ऐरणीपुढे कोणी रांग लावत नाही, आणि ऐरणीच्या मालकाला त्या दिवशी किती देवळांच्या गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिले असते, हा प्रश्नही कोणी विचारत नाही.

निसर्गात नवल भरपूर आहे. ते पाहून डोळे विस्फारणे हा माणसाचा चांगला गुण आहे. लहान लेकरू सारखे "असं का?" विचारते, तेच विज्ञानाचे मूळ. माझे भांडण नवलाशी नाही. त्या नवलावर मालकी कोण सांगतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, यावर माझे भांडण आहे.

तीन नवल, तीन किमती

गणपतीच्या दुधाची किंमत होती चमचाभर दूध आणि एक दिवसाची रांग. ज्यांच्या घरी लेकरांना दूध मिळत नाही त्यांना ती जास्त वाटेल, पण तरी ती एका दिवसात संपली.

दुसरे नवल २००६ च्या ऑगस्टमधले. मुंबईत माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले अशी हाकाटी झाली. कोणी बाबांची कृपा म्हणाले, कोणी आणखी काही. लोक बाटल्या घेऊन धावले, लेकरांच्या तोंडात ते पाणी घातले. मिठी नदी शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण घेऊन याच खाडीत येते. महापालिका पिऊ नका म्हणून सांगत होती, लोक पीत होते. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी मोठ्या प्रमाणात समुद्रात येते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे लगेच न मिसळता वरच्या वर राहते. ओंजळीत वरचेच पाणी येते, म्हणून ते कमी खारट लागते. या नवलाची किंमत होती आजाराचा धोका. तो धोका ज्याच्या घरी शुद्ध पाण्याचा नळ आणि डॉक्टरचे पैसे नाहीत त्याच्या वाट्याला जास्त येतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तिसरे नवल आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. या सरोवराची पुराणकथा अशी की विष्णूने लवणासुराला मारले, त्याचे रक्त म्हणजे हे पाणी आणि त्याचे मांस म्हणजे इथले मीठ. या कथांमधले असुर म्हणजे कोण, ते महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त दीडशे वर्षांपूर्वी विचारून ठेवले आहे. पाणी लाल-गुलाबी झाल्यावर कथा पुन्हा फिरू लागलीच. पण या वेळी पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि मिठात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव तिथे माजले होते, असे उत्तर आले. पाण्यालाच विचारले आणि पाण्याने सांगितले. कोणाच्या डोक्यावर खापर फुटले नाही. उलट हे विवर उल्का आदळून तयार झाले, पृथ्वीवर बेसाल्ट खडकात असे विवर फार दुर्मीळ आहे, ही त्याहून मोठी नवलाची गोष्ट लोकांना पुन्हा कळली. कारण कळल्याने नवल कमी होत नाही, वाढते.

पण चौथे एक नवल आहे. त्याच्यासाठी रांगा लागत नाहीत, टीव्हीवाले येत नाहीत. त्याची किंमत मात्र एका मुलीचे अख्खे आयुष्य असते. ते नवल म्हणजे केसांतली जट.

केस चालतो, हे तुम्हाला माहीत आहे का?

एक करून पाहा. डोक्याचा एक लांब केस घ्या. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने मागे-पुढे घासत राहा. केस एकाच दिशेने सरकू लागेल, मुळाचे टोक पुढे करून. आता केस उलटा धरा. तो उलट्या दिशेने चालेल.

केस दिसतो गुळगुळीत, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्यावर खवले असतात. घराच्या छपरावर कौले जशी एकावर एक चढवलेली असतात तसे. सगळ्या खवल्यांची मोकळी कड टोकाकडे असते. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर गुळगुळीत लागते आणि टोकाकडून मुळाकडे फिरवले तर अडते. घासले की केस एकाच बाजूला सरकतो, मागे येऊ शकत नाही.

आता हजारो केस एकमेकांत अडकले, ओल आहे, घाम आहे, तेल आणि धूळ आहे, आणि डोके उशीवर घासते आहे असे समजा. प्रत्येक केस पुढे सरकतो आणि शेजारच्या केसात आणखी रुततो. माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. विंचरले तर ते फणीत येतात. विंचरले नाही तर तिथेच अडकून दोरीसारखे काम करतात. काही आठवड्यांत त्याचा घट्ट गोळा होतो. लोकरीचा नमदा याच तत्त्वावर बनतो: लोकर ओली करून दाबायची आणि घासायची. गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर आटून जाडा होतो तोही याच कारणाने. नमदा बनवणाऱ्याला कोणी विचारत नाही की कोणत्या देवीने तुझ्या लोकरीत प्रवेश केला.

"पण अहो, एका रात्रीत आली, काल काही नव्हतं," असे बायाबापड्या सांगतात. त्या खोटे बोलत नाहीत. डोके धुताना लांब केस टाळूवर गोळा करून गोल गोल चोळले आणि त्याच वेळी ते अचानक असे अडकले की सुटेनात, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. बाळंतपण, महिनाभराचा ताप, पाण्याची टंचाई, दिवसभराची मजुरी, घरात एकच फणी, उवा, मनाचा आजार, अशी कितीतरी कारणे असतात.

आणि एकदा "ही देवीची" असे कोणी म्हटले की पुढचे काम ती श्रद्धाच करते. फणी लावायची नाही, कात्री लावायची नाही, वरून हळद-कुंकू आणि तेल वाहायचे. मग जट वाढणारच! वाढली की म्हणायचे, "बघा, आई प्रसन्न आहे." न विंचरल्यामुळे वाढलेली जट, न विंचरण्याचे समर्थन म्हणून दाखवली जाते.

एका वस्तीतली गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्ही काही कार्यकर्ते सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेजवळच्या एका वस्तीत गेलो होतो. कार्यक्रम शिष्यवृत्तीच्या अर्जांचा होता. सातवीतली एक मुलगी दाराआडून बघत होती. डोक्यावर ओढणी घट्ट. शिक्षकांनी सांगितले, हुशार आहे, पण दिवाळीपासून शाळेत येत नाही. पोरे चिडवतात, वास येतो म्हणतात, शेजारी कोणी बसत नाही.

आजीने एका वाक्यात विषय संपवला. "लेकरा, तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव. यल्लम्मा आईनं तिला मागितलीया. आईच्या कामात पडू नगंस."

आम्ही वाद घातला नाही. पुन्हा गेलो, आणि पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला आई बोलली. पोरीला आधी टायफॉइड झाला होता. तीन आठवडे अंथरुणावर होती. आई रोज ऊसतोडीला, विंचरायला कोणाला वेळ? अंथरुणातून उठली तेव्हा मागे गोळा झाला होता. शेजारच्या जोगतिणीने पाहिला आणि परडी आणायला सांगितली. आईच्या मनात देवीविषयी प्रेम कमी आणि भीती जास्त होती. "कापली आणि तिच्या भावाला काय झालं तर तुम्ही बघायला येणार हाय का?"

आम्ही म्हटले, येणार. आणि कापायची की नाही हे पोरीला विचारा. पोरगी एवढेच म्हणाली, "कापल्यावर मला बाकावर बसू देतील का?"

कात्रीने कापायला अर्धा तास लागला. रक्त आले नाही, दुखले नाही. केस त्वचेबाहेर आला की तो मेलेलाच असतो, जिवंत भाग फक्त मुळाशी आत असतो. हातात घेतली तर ती ओल्या नमद्याच्या तुकड्यासारखी जड होती. तिच्याखाली टाळूला जखमा होत्या.

तिसऱ्या रात्री फोन आला. भावाला ताप आला होता. आई रडत होती, आजी शिव्या देत होती. आम्ही दिलेला शब्द होता, गेलो. मुलाला दवाखान्यात नेले, औषध सुरू झाले. मग वस्तीत घरोघर फिरलो. त्या आठवड्यात सात घरांत ताप होता. मी आजीला विचारले, "आजी, बाकीच्या सहा घरांत कोणाची जट कापली?" आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या गटारीचं बघा आधी." वस्तीच्या तोंडाशी तुंबलेली गटार होती, डासांनी भरलेली. तिच्यासाठी अर्ज मीच लिहिला, पण पहिला अंगठा आजीचा होता.

त्या घरात देव्हारा अजून आहे. तो काढा म्हणून आम्ही सांगितले नाही. पण मुलगी दहावी पास झाली.

ही गोष्ट मी शौर्य सांगण्यासाठी लिहिली नाही. ताप आणि जट यांच्यामध्ये एक प्रश्न उभा राहिला म्हणून लिहिली. "बाकीच्या सहा घरांचं काय?" या एका प्रश्नात वैज्ञानिक दृष्टिकोनाचा मोठा भाग येतो.

पोलंडमध्ये यल्लम्मा नव्हती

जट ही देवीची खूण असेल तर ती फक्त देवीच्या प्रदेशात दिसायला हवी. पण युरोपात पोलंडच्या भागात जटेचे इतके प्रस्थ होते की वैद्यकात तिचे नावच 'प्लायका पोलोनिका', म्हणजे पोलिश जट असे पडले. तिथल्या शेतकऱ्यांचा समज असा की जट म्हणजे आतला आजार बाहेर आला. ती कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, मरतो. कोणी ती चेटकिणीची करणी म्हणे. समज हुबेहूब आपल्याकडचा, फक्त देवी नव्हती.

एकोणिसाव्या शतकात क्राकोव शहरातले प्राध्यापक योझेफ डिटल यांनी जट असलेल्यांची तपासणी आणि उपचार हाती घेतले. त्यांनी अशा लोकांची गणना सुरू केली तेव्हा जटेवर कर बसणार अशी अफवा पसरली आणि लोकांनी भराभर जटा कापल्या, असे सांगतात. कर टाळण्यासाठी कापली तेव्हा कोणी आंधळे झाले नाही!

आणखी गंमत पाहा. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियन याच्या डोक्यावर एका बाजूला अशीच बट होती. दरबाऱ्यांनी राजाची नक्कल करून तशा बटा ठेवल्या, असे सांगतात. राजाच्या डोक्यावर आली की फॅशन, शेतकऱ्याच्या डोक्यावर आली की करणी. केस तोच, खवले तेच.

जटा आणि जट

आता आपल्या देशात या. कुंभमेळ्यात जटाधारी साधू येतो. त्याच्या जटा म्हणजे तप, वैराग्य, तेज. मोठमोठे मंत्री त्याच्या पाया पडतात. ती जट त्याने स्वतः निवडली आहे. ती त्याला आखाडा देते, गादी देते, मान देते.

आणि आमच्या सातवीतल्या पोरीची जट? तिने निवडली नाही. ती तिच्याकडून शाळा घेते, लग्न घेते, शरीरावरचा हक्क घेते. गळ्यात मणी बांधून देवाला सोडले की हातात परडी येते आणि दारोदार जोगवा येतो. पुढे कुठे जायचे ते गावातल्या मालदाराची नजर ठरवते. देवीच्या नावाने सोडलेली मुलगी देवीकडे जात नाही, माणसांकडे जाते. कितीतरी जणी शहरांतल्या वेश्यावस्त्यांत पोचल्या.

कोणी म्हणेल जट सगळ्या जातींत येते. बरोबर, येतेच. सवर्णांच्या घरातल्या पोरीचा केस गुंतला तर आई तेल लावते, फार तर न्हाव्याकडे किंवा पार्लरमध्ये नेते. तिथे गुंता हा गुंताच राहतो. देवाला सोडलेल्या मुली मात्र बहुतांशी दलित घरांतल्या. देवीला केसांतली जट दिसते, की केसांखालची जात दिसते? निसर्गाचा नियम सगळ्या डोक्यांना सारखा लागू होतो. त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र आपल्याकडे जातीने वाटला गेला आहे. ज्याला ज्ञान बंद होते त्याच्या वाट्याला चमत्कार आला, आणि त्या चमत्काराचे बिलही त्याच्याच नावाने फाटले.

लढाई जुनी आहे

ही लढाई आपल्या माणसांनी फार आधी ओळखली होती. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'सोमवंशीय मित्र' मासिकातून मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. जून १९३६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्यापुढे भाषण केले. हे जिणे सोडा, इतर स्त्रियांसारखे संसाराचे आणि स्वाभिमानाचे आयुष्य जगा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. येवल्याच्या घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. धर्मांतराचा विचार मांडताना बाबासाहेब या स्त्रियांना विसरले नाहीत, हे लक्षात ठेवा.

कायदेही झाले. १९३४ चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा, कर्नाटकाचा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. कायदा हवाच. पण कायदा मणी बांधण्याच्या विधीला पकडतो आणि जट त्याच्या कितीतरी आधी येते. विधी होईपर्यंत पोरीची शाळा सुटलेली असते, मन मोडलेले असते. तिथे पोलीस नाही, फणी वेळेवर पोचायला हवी.

आणि फणी घेऊन जाणाऱ्यांचे काय होते? २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याला एका चर्चबाहेरच्या क्रूसातून पाणी झिरपू लागले, लोक ते तीर्थ म्हणून घेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडमारुकू यांनी जाऊन पाहिले आणि तुंबलेले सांडपाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढत आहे, असे दाखवले. बक्षीस काय मिळाले? धार्मिक भावना दुखावल्याचे गुन्हे. त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. देव कोणत्याही धर्माचा असो, दुकानदाराचा राग सारखाच.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने गावोगाव जटा सोडवल्या. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ज्या पुलावर ते पडले त्याला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे, अस्पृश्यता निवारणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचे. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले, त्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतर काही दिवसांत निघाला.

"भावना दुखावतात" म्हणणाऱ्यांना

पहिला आक्षेप नेहमीचा: "आमच्या श्रद्धेत का पडता?" तुमच्या डोक्यावरच्या जटेला मी हात लावणार नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या डोक्याचे काय करावे हा त्याचा प्रश्न आहे. पण बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर तुमची श्रद्धा वाढत असेल आणि त्यापायी तिची शाळा सुटत असेल, तर तो तुमचा खाजगी मामला राहत नाही. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे.

दुसरा आक्षेप: "विज्ञानाला तरी सगळे कुठे कळते?" नाही कळत. पण विज्ञान "माहीत नाही" म्हणते आणि शोधायला लागते. भगत "माहीत आहे" म्हणतो आणि कोंबडे मागतो.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, आपलीच कानउघाडणी आहे. आपण देव नदीत सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पण आपल्या ग्रुपवर येणारे मेसेज पाहा. अमक्या बुद्धमूर्तीतून प्रकाश निघाला, तमक्या विहारावर आकाशात पिंपळपान उमटले, दहा जणांना पाठवा. गणपतीच्या दुधाला हसायचे आणि मूर्तीतल्या प्रकाशाला साधू म्हणायचे, हे कोणते आंबेडकरी? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे की बुद्धांनी दैवी चमत्कार नाकारले, कारण त्यांना माणसाला बुद्धिवादाकडे न्यायचे होते, सत्याच्या शोधाला मोकळे करायचे होते आणि शोधक वृत्ती मारणाऱ्या अंधश्रद्धेचे मूळ उपटायचे होते. प्रत्येक घटनेला कारण असते, ही शिकवण फॉरवर्ड करायची नसते, वापरायची असते.

नेरंजनेच्या पाण्यात वाहून गेलेल्या जटा

जटेची एक गोष्ट आपल्या परंपरेतही आहे आणि ती प्रत्येक विहारात सांगितली पाहिजे. उरुवेलेचा कश्यप हा पाचशे शिष्यांचा गुरू, जटाधारी, अग्निपूजक. तथागतांचा धम्म पटल्यावर त्याने आणि त्याच्या शिष्यांनी आपल्या जटा कापल्या आणि यज्ञाच्या साहित्यासह नेरंजना नदीत सोडून दिल्या. खालच्या बाजूला राहणाऱ्या त्याच्या दोन भावांना त्या वाहताना दिसल्या. ते घाबरून धावत आले, काय झाले म्हणून विचारले आणि तेही संघात आले. विनयपिटकात ही कथा आहे. धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गात तर तथागतांनी जटा, गोत्र आणि जन्म या तिन्ही गोष्टी एकाच रांगेत बसवून श्रेष्ठत्वाची खूण म्हणून नाकारल्या आहेत.

अडीच हजार वर्षांपूर्वी गुरूंनी आपल्या मानाच्या जटा स्वतःच्या हाताने कापल्या. मग आमच्या पोरीच्या डोक्यावरची लादलेली जट कापायला आपण का कचरतो?

म्हणून माझे सांगणे असे. प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत एक साधा सूक्ष्मदर्शक घ्या. जयंतीच्या डीजेच्या एका तासाच्या भाड्यातही पहिली पायरी होईल. पोरांना केसावरचे खवले दाखवा, केस चालवून दाखवा, ऐरणीला दूध पाजून दाखवा. आशाताई, अंगणवाडीताई आणि महिला मंडळाला सांगा: लांबच्या आजारातून आणि बाळंतपणातून उठलेल्या बाईचे डोके आधी विंचरा. कोणाच्या डोक्यात जट दिसली तर हसू नका, भाषण देऊ नका. बसा, ऐका, पुन्हा जा. तिला स्वतःला विचारा. आणि कापल्यावर शब्द पाळा, रात्री फोन आला तर उठून जा. घरात ताप आला की जुनी भीती परत येते. त्या वेळी तुम्ही तिथे नसाल तर जोगतीण असेल.

नवल वाटू द्या, पोरांना भरपूर वाटू द्या. फक्त त्या नवलाचा अर्थ दुसऱ्या कोणाला ठरवू देऊ नका. कारण स्वतः शोधा.

अत्त दीप भव. जयभीम!